फटफटीने काढलेले थांबे

आमच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये तीन कॉम्प्युटर होते. एक माझा, काउंटरवरचा, ज्यावर येईल तो हात मारून जायचा. एक डॉक्टरसाहेबांचा, ज्यावर ते फावल्या वेळात बातम्या वाचायचे. तिसरा फटफटीचा, आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

फटफटी म्हणजे आमची टायपिस्ट. नाव मीच ठेवलं. ती टाइप करायला बसली की लाकडी पार्टिशनच्या पलीकडून असा काही आवाज यायचा, की बाकावर बसलेला एखादा पेशंट दचकून रस्त्याकडे बघायचा. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं. डॉक्टरसाहेबसुद्धा तिला फटफटीबाई म्हणायचे आणि ती ओ द्यायची.

मला ती सुरुवातीला अजिबात आवडली नव्हती, स्पष्टच सांगते. कामावर आली त्या दिवशी पिशवी खुर्चीला अडकवली आणि पहिलं काम काय केलं, तर माउस उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. मी म्हटलं, "अगं, याच्याशिवाय चालवणार कशी?" तर म्हणते, "हात कीबोर्डवरून उचलला की वेळ जातो." आली मोठी शहाणी, असं मी मनातल्या मनात म्हटलं आणि माझ्या कामाला लागले.

तोवर रिपोर्ट ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायचे, ते फार लाडावलेलं होतं. मध्येच शब्दाखाली लाल रेघ ओढायचं, न विचारता ओळ पुढे ढकलायचं, आकडा लिहिला की आपणहून यादी करायला बसायचं. फटफटीने त्याला घरचा रस्ता दाखवला. त्याच्या जागी एक साधा एडिटर आणला, फुकट मिळणारा, नुसती अक्षरं लिहिणारा. मग त्याच्या सेटिंग्जमध्ये ती जी शिरली, ती माहेरी गेल्यासारखी रमलीच. पडदा काळा केला, अक्षरं पिवळी आणि ही एवढी मोठी. कर्सर इतका जाड केला की मला काउंटरवरून लुकलुकताना दिसायचा. कॅप्स लॉकवर तिची करंगळी चुकून पडायची, म्हणून त्याचं मूळ काम काढून घेतलं आणि त्याला फाइल सेव्ह करायला लावलं. "नुसतंच बसून होतं मेलं, लावलं कामाला," म्हणाली.

प्रत्येक बटणाला तिने असं काहीतरी नेमून दिलं होतं. दोन अक्षरं लिहून टॅब दाबलं की लिव्हरचं अख्खं वाक्य उभं राहायचं, दुसरी दोन लिहिली की किडनीचं. रिपोर्टाचा वरचा भाग, म्हणजे नाव, वय, तक्रार, पूर्वी झालेली ऑपरेशनं, हे मी काउंटरवर पेशंटला विचारून भरायची. तो तिला लागायचा नाही आणि पडद्यावर जागा मात्र खायचा. मग तिने तो घडी घालून मिटायची सोय केली. फाइल उघडली की वरचं सगळं एका बारीक ओळीत गुडूप आणि कर्सर थेट खाली, कामावर हजर.

एकदा ती रजेवर होती आणि एक पेशंट घाईत होता, म्हणून मी तिच्या खुर्चीत बसले. नुसतं वय दुरुस्त करायचं होतं. मी काय दाबलं देव जाणे, पडद्यावर दोन किडन्या, एक प्लीहा आणि कुणाचं तरी गर्भाशय येऊन पडलं. पेशंट पुरुष होता. मी जी उठले ती परत कधी तिच्या खुर्चीकडे फिरकले नाही.

तिचं घरही तसंच. मुलगी आजारी होती म्हणून एकदा बघायला गेले. जिन्याला लागून दोन खोल्या. नवरा नळदुरुस्ती करणारा, सासू, आणि शाळेत जाणारी एक मुलगी. दार वाजवलं तर उघडायला कुणी आलंच नाही. आतून कुणीतरी दोरी ओढली आणि कडी आपली आपण सुटली. पलंगावर पडल्यापडल्या दिवा घालवायची दोरी वेगळी. कचऱ्याचा डबा पायाने उघडायचा. लायटर ओट्याशेजारी साखळीने बांधलेला, म्हणजे शोधायला नको. नवरा हसत म्हणाला, "आमच्याकडे पाहुणा आला की त्याला आधी शिकवणी लावावी लागते. परवा माझा भाऊ बिचारा अंधारातच बसून राहिला." सासूबाईंनी नाक मुरडलं. "एक काम दोनदा करायचं म्हटलं की हिच्या अंगावर काटा येतो. पोरीला बोलवायचं तरी शिट्टी मारते."

"आणि तुमच्या गोळीची वेळ झाली की कोण शिट्टी मारतं, आई?" फटफटी आतून ओरडली. सासूबाईंना हसू आवरेना. मला ती बाई आवडायला लागली ती त्या दिवसापासून.

आता मुख्य गोष्ट. पोटाच्या सोनोग्राफीसाठी तिने दोन बटणं ठेवली होती. वरच्या रांगेतलं पाच नंबरचं पुरुषांसाठी, सहा नंबरचं बायकांसाठी. दाबलं की रिपोर्टाचा सांगाडा यायचा, आणि प्रत्येक अवयवापुढे रिकामी जागा. कर्सर तिथे जाऊन थांबायचा. ती पार्टिशनमधल्या छोट्या खिडकीतून आत विचारायची, "लिव्हर?" डॉक्टरसाहेब पेशंटच्या पोटावर यंत्राचा दांडा फिरवत म्हणायचे, "नॉर्मल." ती टॅब दाबायची, कर्सर पुढच्या जागी. "पित्ताशय?" "एक खडा." या जागांना ती थांबे म्हणायची. मी तिला चिडवायची, "चला, लिव्हर आलं, लिव्हरवाले उतरून घ्या."

गर्दी वाढली तशी डॉक्टरसाहेबांची चिडचिड वाढली. माणूस वाईट नव्हता, पण बाहेर बाकं भरलेली दिसली की त्यांचा धीर सुटायचा. "दर वेळी काय विचारतेस? काही असेल तर मी बोलेनच. गप्प बसलो तर नॉर्मल समज." फटफटीला तर हेच हवं होतं. तिने सगळे थांबे काढून टाकले. आता सहा दाबलं की अख्खा नॉर्मल रिपोर्ट वाक्यावाक्यासकट भरलेला यायचा आणि कर्सर शेवटी सहीपाशी जाऊन उभा. डॉक्टरसाहेब आतून ओरडायचे, "सहा!" आणि पेशंटने पोटावरची जेली पुसायच्या आत प्रिंटरमधून कागद बाहेर. काही सापडलं तर ते बोलायचे, ती तेवढी ओळ बदलायची.

साहेब खूश होते. त्यांची आणखी दोन सेंटर निघाली, तिथे तरुण डॉक्टर बसवले, तेव्हा त्यांनी फटफटीलाच पेन ड्राइव्ह देऊन पाठवलं. तिची सेटिंग्जची फाइल दोन्हीकडे बसली. परत आली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. "माझी फाइल," असं ती म्हणायची, जसं कुणी माझी लेक म्हणतं. मलाही तिचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. जेवलं की उजव्या बाजूला बरगडीखाली कळ यायची आणि पाठीत जायची. डबा अर्धा सोडून ती टेबलावर डोकं ठेवायची. मी म्हटलं, साहेब आत बसलेत, दाखव ना. तर लाजली. "इतकी वर्षं त्यांच्याकडे काम करते, मोठ्या भावासारखे आहेत. त्यांच्यासमोर पोट उघडं टाकून पडू? आणि उद्या तूच साऱ्या सेंटरभर करशील." हे मात्र खरं होतं. शेवटी आम्ही दोघी दुपारी साहेबांच्याच दुसऱ्या सेंटरला गेलो. तिथे डॉक्टर बाई होत्या.

तिथला टायपिस्ट मिशीवाला. तिला बघून खुर्चीतून उठलाच. "ताई, तुमची फाइल म्हणजे सोनं आहे हो. मला तर आता टाइप करायला विसरायला झालंय." फटफटी पोटात कळ असूनसुद्धा फुलली. डॉक्टर बाई तरुण, चटपटीत, बोलायला गोड. आत मीही उभी होते. त्यांनी दांडा फिरवला, गर्भाशयापाशी जरा रेंगाळल्या, दिवस नीट येतात का विचारलं, आणि मान वळवून ओरडल्या, "सहा!" टेबलावर पडलेली फटफटी माझ्याकडे बघून हसली. आपला नंबर ऐकू आला ना.

कागद हातात घेऊन आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. ती चालता चालता वाचत होती, ओठ हलवत, सवयीने चुका तपासत. आणि मध्येच थबकली. मला वाटलं कळ आली. तिचा हात बरगडीखाली गेला आणि तिथेच राहिला.

"काय गं?"

"माझं पित्ताशय काढलेलं आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मुलगी तान्ही होती तेव्हा. खडे झाले होते, काढलं. वण आहेत." ती कागदाकडे बघतच होती. "इथे लिहिलंय नॉर्मल आहे."

मी कागद ओढून घेतला. वरच्या भागात, तिथल्या काउंटरवालीने भरलेल्या ओळीत, स्वच्छ लिहिलं होतं: पूर्वीचं ऑपरेशन, पित्ताशय काढले. आणि एक वीत खाली: पित्ताशय व्यवस्थित भरलेले, भिंती पातळ व सुबक, खडे नाहीत. एकाच कागदावर. मी ते तीनदा वाचलं, कुठेतरी एखादा 'नाही' राहून गेला असेल म्हणून.

फटफटीने मला जे विचारलं ते मी जन्मात विसरणार नाही. "काढलं होतं ना गं माझं? तू होतीस ना तेव्हा?" मी कुठची असणार, मी तिला ओळखतसुद्धा नव्हते. स्वतःच्या अंगावर वण असलेली बाई, कागद वाचून स्वतःच्या पोटाबद्दल मला विचारत होती.

मला संताप आला. "चल आत, त्या बाईला विचारू, तिची डिग्री कुठली आहे ते." मी तिचा दंड धरला तर ती हलेना.

"तिला काय विचारू? सुबक हा शब्द माझा आहे," ती म्हणाली. "रिपोर्टात कुणी सुबक लिहीत नाही. मला छान वाटला म्हणून मी घातला. तिने सहा म्हटलं, त्याने सहा दाबलं. हे मी लिहिलंय. मीच माझ्या पोटात पित्ताशय लिहून ठेवलं." मग एकदम माझा हात घट्ट धरून म्हणाली, "अगं, मग बाकीच्यांच्या घरी काय काय गेलंय?"

रस्ताभर ती हेच बोलत होती. मी म्हणत होते, आधी तुझं दुखणं बघ. तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सेंटर उघडायला गेले तर ती पायरीवर बसलेली. झोप नव्हतीच झालेली, दिसत होतं. आत जाऊन तिने सेटिंग्जची फाइल उघडली आणि ओळी पुसायला बसली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिचं टायपिंग मला हळू ऐकू आलं. सगळी भरलेली वाक्यं काढली, सगळे थांबे परत घातले. वर आणखी एक केलं: एकही जागा कोरी असेल तर प्रिंटचं बटणच चालणार नाही. आणि घडी घातलेला वरचा भाग उघडा करून टाकला, परत मिटता येणार नाही असा.

साहेब आले. पहिली पेशंट आत गेली आणि थोड्या वेळाने आवाज आला, "सहा!"

"लिव्हर?" फटफटीने खिडकीतून विचारलं.

"काय?"

"लिव्हर कसं आहे, साहेब?"

"अगं, सहा म्हटलं ना मी!"

"हो. लिव्हर?"

साहेबांनी कसंबसं ते एक पोट उरकलं आणि हातमोजे ओढत बाहेर आले. बाकं भरलेली होती. "काय चाललंय हे? बिघडलाय का कॉम्प्युटर?"

तिने आपला रिपोर्ट त्यांच्या हातात दिला. एका ओळीवर बोट ठेवलं आणि मग दुसरीवर. साहेबांनी वाचलं. चष्मा कपाळावर चढवून परत वाचलं.

"टायपिंगची चूक आहे," ते शेवटी म्हणाले. "बदलून देतील."

"टायपिंग कुठे आहे त्यात, साहेब? टायपिंग मी काढूनच टाकलं. माझं मला कळलं, कारण वाक्य माझं होतं. ज्यांना कळणार नाही त्यांचं काय? सगळे जुने रिपोर्ट परत बघायला हवेत. लोकांना फोन करायला हवेत."

साहेबांनी बाकांकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "फोन करून काय सांगायचं? आम्ही न बघता लिहिलं म्हणून? सेंटरला टाळं लागेल. तुझं, माझं, हिचं, सगळ्यांचं घर चालतं त्यावर." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून जरा नरमले. "अजून दुखतंय का? ये, टेबलावर झोप. आधी तुझं पोट मी बघतो."

तिला आता लाजायचं भान राहिलं नव्हतं. ती निमूटपणे आत गेली. आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की टाइप करायला कुणीच नाही. साहेबांनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं. करते काय, जाऊन बसले तिच्या खुर्चीत. काळा पडदा, पिवळी अक्षरं, आणि तो जाडजूड कर्सर माझ्याकडे डोळे मिचकावतोय.

"सहाचं बटण दाब," ती आतून म्हणाली. "बाकी कशाला हात लावू नकोस. लिहून झालं की टॅब."

मी दाबलं. लिव्हरपुढे कर्सर येऊन थांबला. मी विचारलं, "लिव्हर?" माझाच आवाज मला चोरासारखा वाटला. साहेब म्हणाले, नॉर्मल. मी दोन बोटांनी ते टाइप करेपर्यंत त्यांना थांबावंच लागलं. "पित्ताशय?" साहेब जरा घुटमळले. "नाही. काढलेलं आहे. तसंच लिही." मी लिहिलं. "पित्तनळी?"

उत्तर आलं नाही.

मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मी परत विचारलं. खिडकीतून साहेबांची पाठ दिसत होती. ते वाकले होते आणि दांडा एकाच जागी दाबून धरला होता. "कुशीवर वळ," ते तिला म्हणाले. "श्वास घे. धर." आत नुसता यंत्राच्या पंख्याचा आवाज. कर्सर लुकलुकत होता.

"नळी फुगली आहे," साहेब सावकाश म्हणाले. "खाली खडा अडकलाय. त्या वेळचा राहिला असेल, नाहीतर नंतर झाला असेल." मग माझ्याकडे न बघताच, "लिहिलंस?"

मी कुठची लिहिते! माझी बोटंच चालेनात. आतून फटफटीचा आवाज आला, "काय झालं? लिही ना गं, कोरं ठेवलंस तर प्रिंट नाही निघणार." स्वतःच्या पोटात खडा सापडलाय आणि हिला प्रिंटची पडली आहे. मला रडू आलं आणि मी रडत रडतच एकेक अक्षर शोधून लिहिलं.

साहेब बाहेर येऊन माझ्याशेजारच्या स्टुलावर बसले. जेलीचे हात तसेच. इतकी वर्षं मी त्यांना पाहते आहे, पण असे बसलेले कधी बघितले नव्हते. "तू विचारलंस म्हणून मी तिथे गेलो," ते म्हणाले. "नाहीतर पित्ताशय नाही म्हटल्यावर मी खाली किडनीकडे सरकलो असतो. कावीळ झाली असती हिला. नाहीतर पू झाला असता." मग म्हणाले, "सह्या माझ्या आहेत सगळ्या. शोध म्हणावं तिला."

खडा दुर्बिणीने निघण्यासारखा होता. साहेबांनी तिथेच फोन करून आपल्या ओळखीच्या डॉक्टरांची वेळ घेतली, घरी जा म्हणाले. ती जाईना. पदराने पोट पुसत खुर्चीत येऊन बसली आणि तिने जुन्या सगळ्या फाइलींमध्ये शोध लावला: वर अमुक काढल्याची ओळ आहे आणि खाली तेच नॉर्मल लिहिलंय, असे जेवढे असतील तेवढे दाखव. मला वाटलं, असतील चार-दोन. पडद्यावर नावं खालून वर सरकायला लागली आणि थांबेचनात. साहेब मागे उभे होते, त्यांनी भिंतीला हात टेकला. त्या सगळ्या वरच्या ओळी माझ्या होत्या. मी विचारलेल्या, मी भरलेल्या. ऑपरेशन झालंय का हो आधी? कसलं? मला वाटायचं, कुणीतरी वाचतंय.

फोन करायचं काम माझं. बाकावरच्या लोकांना हात जोडून परत पाठवलं आणि नंबर फिरवायला घेतले. रिपोर्टात गडबड झाली आहे, परत या, पुन्हा तपासून देतो. कुणी शिव्या घालतील म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून कानापासून लांब धरला होता. शिव्या कुणीच घातल्या नाहीत, आणि त्यानेच मी जास्त हादरले. एक आजोबा म्हणाले, "माझं पित्ताशय नाहीये हे मला माहीत होतं, पण म्हटलं, यंत्राला दिसलं असेल तर असेलही, परत उगवत असेल." एक बाई म्हणाली, तिने त्या कागदाची प्रत काढून जपून ठेवली आहे, सगळं नॉर्मल आलं म्हणून. एकालाही वाटलं नव्हतं की आपण विचारावं.

मग एका बाईंचा नंबर लागला. वरची ओळ: डावी किडनी काढली, मुलाला दिली. खाली: दोन्ही किडन्या जागेवर, आकार नॉर्मल. साहेबांना त्या आठवत नव्हत्या. "लघवीची तक्रार नसेल. मी तिकडे गेलोच नसेन," एवढंच ते पुटपुटले. मी माझं पाठ झालेलं वाक्य म्हटलं.

"गडबड कसली?" बाईंनी विचारलं.

"किडनीची, काकू. डावी किडनी चुकून लिहिली गेली आहे."

"म्हणजे ती माझ्यात नाहीये?"

मी गोंधळलेच. "नाहीच ना? तुम्ही दिली ना मुलाला?"

"दिली हो, मी दिली," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "पण त्याने तो कागद वाचला. आधी हसला. मग एकदा जेवता जेवता विचारलं, आई, तुझ्या दोन्ही जागेवर आहेत तर मला कुणाची बसवली? मी वण दाखवला. तर म्हणतो, वण काय, कशाचाही असतो. हल्ली नीट बोलत नाही माझ्याशी. आणि मलाही वाटायला लागलं होतं, की मला नुसतं बेशुद्ध करून परत शिवलं की काय. एवढे शिकलेले लोक खोटं कशाला लिहितील?"

फटफटी शेजारीच उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"मुलगा घरात आहे? त्याच्याकडे द्या."

जरा खुडबुड झाली आणि एका पुरुषाचा आवाज आला, "बोला, कोण?"

"तुमच्या आईचा रिपोर्ट टाइप केला ती मी," फटफटी म्हणाली. ती एकेक शब्द सुटा बोलत होती. "त्यातली डावी किडनी डॉक्टरांनी बघितलेली नाही. ती मी एक बटण दाबून लिहिली. न बघता. आईची किडनी तुमच्याकडेच आहे."

मागून त्या बाईंचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "काय म्हणतायत रे त्या?" त्या विचारत होत्या. "अरे, काय म्हणतायत? सांग ना."